चावा कुत्र्याचा, दंड सरकारात, मग बाईला काय?

आज आपण बोलणार आहोत कुत्रं चावल्यावर माणसाला काय हक्क असतो, भरपाई मागता येते का, आणि हा हक्क कायद्यात आला कसा, याबद्दल. गोष्ट जुनी आहे, थोडी लांबही आहे.

पण औषधाचं आधी सांगून टाकतो, कारण ते थांबणारं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू यातलं काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, तिथं लस फुकट मिळते. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते मागून घ्यायचं. आणि "आता बरं वाटतंय, परवा कापूस वेचायचाय" म्हणून एकही डोस सोडायचा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के आपल्या देशात होतात, आणि त्यात लेकरं फार असतात.

आता हक्काचं.

आपल्याकडे कुत्रं चावलं की गावात पहिला प्रश्न असतो, कुत्रं कुणाचं? हा प्रश्न फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृती हा जुना ग्रंथ आहे, त्यात न्यायनिवाड्याचा एक भाग आहे. त्यात सांगितलंय की दातांचं किंवा शिंगांचं जनावर माणसावर धावून गेलं, आणि मालकाला सोडवणं शक्य असूनही त्यानं सोडवलं नाही, तर मालकाला पहिल्या पायरीचा दंड. आणि ज्याच्यावर जनावर धावलं तो माणूस ओरडला असेल, तरीही मालक हलला नसेल, तर दंड दुप्पट. म्हणजे ओरडण्याला कायद्यात किंमत होती. या ग्रंथावरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडं. वाटणीच्या भांडणात वकिलाच्या तोंडून मिताक्षरा हे नाव तुम्ही कधीतरी ऐकलं असेल, तीच ही.

पण या नियमात एक मेख आहे. दंड जायचा राजाच्या तिजोरीत. आजची सगळी गोष्ट याच मेखेभोवती फिरते. मालकाला शिक्षा होते, कुत्र्याचं काय करायचं ते ठरतं, पण जिच्या पोटरीला दात लागले तिच्या हाती काय, हे कुणी विचारत नाही.

इंग्रज आले तेव्हाही तेच. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून मोठा दंगा झाला. सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. आठ आणे तेव्हा काही थोडे नव्हते. शिपाई लोभावले, दारातली, घरातली कुत्रीसुद्धा उचलू लागले. पारशी समाजात कुत्र्याला मान आहे, माणूस गेल्यावरच्या विधीत त्यांना कुत्रं लागतं. ते रस्त्यावर आले, इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले, दुकानं बंद झाली, कोटातल्या गोऱ्या लोकांचं रोजचं सामान अडलं, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. एका बाजूला मारणारे, दुसऱ्या बाजूला वाचवणारे. कुत्रं चावलेला माणूस या भांडणात कुणाच्याच बाजूला नव्हता. पुढं दोनशे वर्षं हे भांडण जवळजवळ असंच चाललं.

मग १८६० साली भारतीय दंडविधान आलं. त्याचं कलम २८९ असं सांगत होतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका होऊ नये एवढी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० साली हजार रुपये म्हणजे शेत विकायची वेळ. पण आकडा तिथंच थांबला. दीडशेहून जास्त वर्षं हजारच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम २९१ नंबरला आलं आणि दंड ५,००० झाला. कैद होती तेवढीच राहिली. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तक्रार लिहून घ्यायलाच पाहिजे. "कुत्र्याचं काय लिहायचं बाई" म्हणून परत पाठवता येत नाही. दंड मात्र आजही सरकारातच जमा होतो. न्यायाधीशांना त्यातून जखमी माणसाला भरपाई द्यायची मुभा आहे, पण मुभाच. आणि वेळ किती लागावा? मुंबईत २०१० साली एका पाळलेल्या रॉटविलर कुत्र्यानं ७२ वर्षांच्या माणसाला फाडलं. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली २०२३ साली. तेरा वर्षांनी.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. मालकावर दावा लावून पैसे मागायचे. ही वाट आपल्या कोर्टांनी इंग्लंडकडून घेतली, आणि तिथं एक अजब अट होती. कुत्रं चावरं आहे हे मालकाला आधीपासून माहीत होतं, असं चावलेल्या माणसानं सिद्ध करायचं. मालक म्हणणार, आजवर कधी चावलं नाही हो. झालं, दावा ढिला. म्हणून लोक थट्टेनं म्हणायचे की इंग्लंडात प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ असतो.

पुढची गंमत ऐका, हसावं की रडावं कळत नाही. स्कॉटलंडात कुत्र्यानं मेंढ्या मारल्या, आणि मालकाला कुत्र्याची खोड ठाऊक नव्हती म्हणून मेंढपाळाला भरपाई मिळाली नाही. त्यावर मेंढ्यांचे मालक, म्हणजे बडे जमीनदार, चिडले. १८६३ साली स्कॉटलंडासाठी आणि १८६५ साली इंग्लंडासाठी कायदा झाला. कुत्र्यानं गुरं किंवा मेंढ्या फाडल्या तर मालकाला आधी माहीत होतं की नव्हतं, हे बघायचं नाही, पैसे भरायचेच. माणसांसाठी मात्र जुनी अट चालूच राहिली. मेंढीला जो हक्क मिळाला तो बाईला, लेकराला मिळाला नाही, कारण मेंढीमागं बोलणारे होते.

औषधाची गोष्ट त्यामानानं बरी झाली. पॅरिसमध्ये १८८५ साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस दिली आणि तो वाचला. आपल्या देशात १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला संस्था निघाली, १९०७ साली दक्षिणेत कुन्नूरला. कसौलीला मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस तयार झाली आणि तीच पोटातली चौदा इंजेक्शनं. आपल्या आज्या अजून त्याची भीती सांगतात. ती लस आपल्याकडे २००४ साली बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा घ्यायची साधी लस आहे. तरीही कुठं कुठं लोक पोटातल्या सुयांच्या भीतीनं दवाखान्यात जात नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचं लक्ष परत कुत्र्याकडं गेलं. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा झाला. २००१ साली त्याखाली नियम आले की मोकाट कुत्री मारायची नाहीत, धरून नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथली तिथं सोडायची. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयानं बहुमतानं म्हटलं की उपद्रवी कुत्री मारता येतील. २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. २०२३ साली नवे नियम आले, तेही नसबंदी आणि लशीचेच. आणि हे काम नगरपालिका, महापालिका यांच्यासारखंच ग्रामपंचायतीचंही आहे, हे ध्यानात ठेवा. ग्रामसेवक "आमच्याकडं येत नाही" म्हणाले तर ते बरोबर नाही.

आम्ही कुत्र्यांच्या विरोधात नाही. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबासोबत कुत्रं आहे, आणि मेंढवाड्यावर कुत्र्याशिवाय रात्र निघत नाही. मारून टाका म्हणणं आमच्या तोंडी येत नाही, आणि ते कायद्यातही बसत नाही. पण कुत्र्याला जगायचा हक्क दिला, तर त्याच्या चाव्याचा खर्च कुणी उचलायचा, हे सरकारनं त्याच वेळी ठरवायला हवं होतं. ते राहून गेलं. मोकाट कुत्र्याला मालक नाही, मग दावा लावायचा कुणावर?

ही गाठ सुटली ती कुत्र्याच्या नव्हे, दुसऱ्याच खटल्यांतून. १९८० साली मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. वस्तीत गटारं उघडी, घाण वाहायची, आणि नगरपालिका म्हणायची, पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, लोकांच्या आरोग्याचं काम करावंच लागेल. ग्रामसभेत "निधी नाही" ऐकून गप्प बसणाऱ्या आपण सगळ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

दुसरं प्रकरण एका आईचं. ओडिशातल्या निलाबती बेहेरा यांच्या २२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी पकडून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडलं. त्यांनी १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पत्रच. न्यायालयानं तेच पत्र याचिका म्हणून धरलं. १९९३ साली निकाल आला आणि सरकारला त्या आईला दीड लाख रुपये द्यावे लागले. दीड लाखानं मुलगा परत येत नाही. पण या निकालानं एक गोष्ट पक्की केली. राज्यघटनेच्या २१ व्या कलमानं प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिलाय. तो हक्क सरकारच्या हातून मोडला, तर सरकारनं स्वतः पैसे भरायचे, आणि त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लढत बसायची गरज नाही. मोकाट कुत्र्यांच्या प्रकरणांत पुढं भरपाईची वाट याच बाजूनं निघाली. रस्ता सुरक्षित ठेवणं पंचायतीचं, पालिकेचं, सरकारचं काम. ते केलं नाही आणि माणूस जखमी झाला, तर जबाबदारी त्यांची.

केरळात २०१६ साली हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं. कुत्रं चावून बायको गेली होती, असा एक माणूस सर्वोच्च न्यायालयात पोचला. न्यायालयानं त्याला ४०,००० रुपये द्यायला सांगितलं आणि निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुत्रं चावलेल्या कुणीही केरळातल्या माणसानं तिच्याकडं अर्ज करायचा. समितीनं दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, आलेलं अपंगत्व पाहून रक्कम ठरवायची. पैसे भरायची वेळ बऱ्याचदा पंचायतींवर आली, तेव्हा पंचायती कुरकुरल्या. कुरकुरू द्या. खिशाला चटका बसल्यावरच नसबंदीच्या कामाकडं लक्ष जातं, हा आमचा साधा अंदाज आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं याहून पुढचं पाऊल टाकलं. १९३ याचिका एकत्र होत्या, मोकाट कुत्री, बैल, गाई अशा सगळ्याच जनावरांच्या. न्यायमूर्ती विनोद भारद्वाज यांनी चक्क दर ठरवून दिला. कुत्र्याच्या दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये. मांस सुटून आलं असेल, तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,०००. चार दात उमटले तर चाळीस हजार, हा हिशोब आपल्या गटातली कोणतीही ताई तोंडी करेल. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची समिती, अर्ज आल्यापासून चार महिन्यांत निकाल, पोलिसांनी लगेच रोजनाम्यात नोंद घ्यायची, आणि पैसे आधी सरकारनं द्यायचे, मग ज्याची चूक त्याच्याकडून वसूल करायचे. दात मोजून पैसे देणं काही लोकांना विचित्र वाटलं. आम्हाला नाही वाटलं. दर ठरला की बाबूच्या मर्जीवर काही उरत नाही.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या देशासाठी आदेश दिले. २२ ऑगस्टला सांगितलं की कुत्री नसबंदी आणि लस देऊन परत सोडायची, पण पिसाळलेली किंवा अंगावर धावणारी सोडायची नाहीत. ७ नोव्हेंबरला सांगितलं की शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडांगणं इथली कुत्री हलवायची आणि परत तिथं सोडायची नाहीत. त्याच आदेशात दवाखान्यांनी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन यांचा साठा कायम ठेवायचा असंही आहे. म्हणून "साठा संपला, बाहेरून आणा" हे उत्तर तोंडी घेऊ नका. लिहून मागा.

आता तुमच्या मनातला प्रश्न. पंजाबातला दर आपल्याकडं चालतो का? नाही, तो आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. पण वकिलाला दाखला म्हणून पुढं ठेवता येतो. आपल्याकडं बिबट्यानं किंवा रानडुकरानं माणसाला जखमी केलं तर वनविभागाची ठरलेली रक्कम आहे. आणि शेतकऱ्यांसाठी एक योजना आहे जी बऱ्याच जणींना ठाऊक नसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. सर्पदंशासारखाच जनावराच्या चावण्यानं झालेला मृत्यूही त्यात बसतो. मृत्यू झाल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातली आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांच्या आत, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. दुखवट्याच्या दिवसांत हे ३० दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून गटातल्या दुसऱ्या कुणीतरी तारीख धरून ठेवावी. आणि यातली खोटही सांगतो. पहाटे दुसऱ्याच्या शेतावर कामाला निघालेल्या मजूर बाईलाच वाटेत कुत्री जास्त आडवी येतात, आणि तिचंच नाव सातबारावर नसतं. तिला ही योजना नाही.

तिच्यासाठी दोन दारं उघडी आहेत. एक तहसीलदार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, धोकादायक जनावर वाटेवर असेल तर त्याचा बंदोबस्त करायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, आणि तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. रतलामच्या लोकांनी जुन्या कायद्यातलं हेच कलम वापरलं होतं. दुसरं दार तालुका विधी सेवा समितीचं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. फोन नंबर १५१००. उच्च न्यायालयात भरपाईची याचिका करायची असेल तर सुरुवात इथूनच.

पण कुठंही गेलात तरी कागद लागणार. दवाखान्याचा केसपेपर, त्यावर "कुत्रा चावला" असं स्पष्ट लिहिलेलं, किती जखमा, कुठं, किती खोल. लशीचं कार्ड. जखमेचा फोटो, धुतल्यावर आणि पट्टी बांधायच्या आधी. पोलिसांच्या नोंदीची प्रत. प्रवासाची तिकिटं आणि किती दिवस काम बुडालं त्याची मुकादमाकडून किंवा शेतमालकाकडून चिठ्ठी. आणि ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज. हा अर्ज कुणाला चावण्याआधीच द्या. शाळेच्या वाटेवर, पाणवठ्यावर कुत्र्यांची टोळी असते, अमुक तारखेपासून, असं लिहून, गटातल्या सगळ्यांच्या सह्या करून. कारण उद्या काही झालं तर पंचायत म्हणणार, आम्हाला माहीतच नव्हतं. त्या इंग्लंडातल्या कुत्र्याच्या मालकासारखं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून सही-शिक्का घ्यायचा, आणि ती प्रत गटाच्या पेटीत, बँकेच्या पासबुकांशेजारी.